संदर्भ नसलेली माती

औरंगपुऱ्यात एका शिकवणीवर्गाची खोली दर रविवारी आम्हाला मिळायची. इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशात मराठी लेख कसे लिहायचे, ते मी तिथं शिकवत असे. सुरुवातीला पंधराएक जण यायचे. वर्षभरात चौघं उरले. त्यातले एक बिडकीनचे निवृत्त प्राथमिक शिक्षक. घरची शेती औद्योगिक वसाहतीत गेलेली. आम्ही त्यांना गुरुजी म्हणायचो.

गुरुजी मोबाइलवर एका बोटानं लिहायचे. विषय एकच, माती. चोपण कुठली, बरड कुठली, पायाला कशी लागते, पाणी प्याली की कशी फुगते. असे सहा लेख झाले. मग कुणीतरी त्यांवर खूण केली: छापील संदर्भ नाहीत.

ज्ञानकोशातले लेख वगळण्याचा अधिकार माझ्याकडं होता. दोन ग्रंथालयं पालथी घातली. गुरुजींनी लिहिलं होतं त्यातलं फारसं कुठंच सापडलं नाही. मी सहाही लेख वगळले आणि त्यांना ठरावीक मजकुराची सूचना पाठवली. फोन करायला हवा होता. केला नाही.

पुढच्या रविवारी ते आले.

"मॅडम, कोणी काढलं ते?"

"मी."

"चुकीचं व्हतं का?"

"चुकीचं नव्हतं, गुरुजी. पण कुठं छापलेलं नाही."

"छापलं नाय म्हंजे खोटं व्हय?"

मी नियम सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला, चहा घेतला आणि गेले. पुन्हा आले नाहीत.

दोन वर्षांनी एका शेतीविषयक मासिकानं त्यांची मुलाखत छापायचं कबूल केलं. छापली गेली असती तर संदर्भ मिळाला असता. मी बिडकीनला गेले. दार त्यांच्या पत्नीनं उघडलं.

"आता त्यायच्या काही ध्यानात राहत नाय," त्या म्हणाल्या.

गुरुजींनी मला ओळखलं नाही. वगळलेला मजकूर माझ्या खात्यातून अजून दिसत होता. मी मोबाइलवरून चोपण मातीचा लेख वाचून दाखवला. ते मान हलवत ऐकत राहिले.

"लई चांगलं लिव्हलंय. कोणी लिव्हलं?"

"तुम्हीच, गुरुजी."

"नाय, नाय," ते हसले. "मला कुठं यवढं येतंय?"

त्यांच्या पत्नी उठून आत गेल्या.

मुलाखत होणं शक्य नव्हतं. घरी येऊन मी सहाही लेख पुन्हा ज्ञानकोशात घातले. दोन दिवसांत माझ्यासारख्याच दुसऱ्या एका स्वयंसेवकानं ते वगळले. मला वाद घालता आला नाही. त्याला हे काम मीच शिकवलं होतं आणि तो नियमानुसारच वागला होता. त्या महिन्यात मी माझे अधिकार परत केले. उरलेल्या तिघांना रविवारी येऊ नका म्हणून कळवलं. का, असं एकानंही विचारलं नाही.