नसारियाच्या झाडासाठी कोण बोलणार

विटांचा ट्रक दारात रिकामा झाला, तेव्हा नसारियाला कळून चुकलं की पोरगा या खेपेस थट्टा करत नाही.

“ईस्टरच्या आदल्या शनिवारी पाडतो झाड,” आबुंदियो म्हणाला. “त्यानंतरच्या सोमवारी खोली बांधायला गवंडी येतोय. तोंड पाडून बसू नकोस, आई. लग्न झाल्यावर बायकोला काय फांदीवर ठेवू?”

“आणि या वर्षी फळ धरलं तर?”

“धरलं तर राहू दे. मग खोली मागे बांधीन, डुकरांच्या खोपटापाशी. पण हे तू दर वर्षी म्हणतेस.”

खोटं नव्हतं ते. दर वर्षी म्हणायची. अंगणातलं ते अ‍ॅव्होकॅडोचं झाड तिच्या नवऱ्याने, फिदेन्सियोने, स्वतः कलम बांधून वाढवलेलं. एके काळी आमच्या गल्लीत लग्न असो की मयत, नसारियाच्या अंगणातली टोपली आल्याशिवाय पंगत बसत नसे. काळ्या खरबरीत सालीचं फळ, आत लोण्यासारखा गर. गरम तोर्तियावर, म्हणजे मक्याच्या भाकरीवर, बोटाने पसरायचा, वर मीठ, बस्स. नसारियाला त्याचा गर्व होता आणि तिने तो कधी लपवला नाही. फिदेन्सियो गेला, आणि त्याच सुमारास झाडानेही हात आखडता घेतला. बाईने काय करायचं बाकी ठेवलं? खोडात गंजके खिळे ठोकले, बुंध्याला लाल फीत बांधली, चुलीची राख घातली, खत घातलं, शिव्या घातल्या. मोहर असा यायचा की पान दिसू नये, आणि सगळा गळून अंगणात सडा पडायचा. झाडू मारता मारता ती रडायची. फिदेन्सियोचं असं तेवढंच एक काय ते उभं होतं.

त्या वर्षीही फेब्रुवारीत मोहर फुटला. नसारिया एक डहाळी फडक्यात गुंडाळून उरुआपान शहरात गेली, बाजारामागे कलमं विकणाऱ्या म्हाताऱ्याकडे. त्याने डहाळी पाहिली न पाहिली आणि विचारलं, “शेजारी दुसऱ्या जातीचं झाड आहे का?”

“अख्खा डोंगर बागांनी भरलाय की!”

“त्या सगळ्या तुझ्याच जातीच्या. हे फूल सकाळी बाई असतं, मिटतं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाप्या होऊन उघडतं. सगळ्यांची वेळ एकच, मग सकाळी पराग आणायचा कुठून? मोठ्या बागांत हजारो झाडं, लाखो मधमाश्या, कुणाची ना कुणाची वेळ चुकते, भागतं त्यांचं. तुझं एकटं झाड काय करील? त्याला उलट वेळेचा जोडीदार हवा. आधी धरायचं ना फळ? मग तेव्हा कुणीतरी असणार शेजारी.”

नसारियाच्या काळजाचं पाणी झालं. होतं ना. कुणीतरी होतं.

भिंतीपलीकडे त्रान्सितो राहायची. आबुंदियोला बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर घेतलं ते त्रान्सितोने, म्हणजे ती त्याची धर्मआई, आणि दोघी बाया एकमेकींच्या ‘कोमाद्रे’. हे नातं सख्ख्या बहिणीपेक्षा वरचं, तोडायची सोय नसलेलं. त्रान्सितोच्या अंगणातही एक अ‍ॅव्होकॅडो होता, रानटी, पातळ हिरव्या सालीचा. फळ हे एवढं मोठं, पण पाणचट आणि दोऱ्यांनी भरलेलं. नसारिया त्याला नाक मुरडायची. फांद्या भिंतीवरून आलेल्या, आणि फळं धपाधप तिच्या स्वयंपाकघराच्या कौलांवर पडायची.

आता आमच्याकडे रीत अशी, की जे झाड फळत नाही किंवा धड फळ देत नाही त्याला ईस्टरच्या आदल्या शनिवारी धमकी द्यायची. घरधनी कोयता उगारून म्हणतो, “आता तोडतोच तुला!” आणि शेजारचं कुणीतरी मध्ये पडतं, “नको, सोड त्याला, पुढल्या वर्षी देईल.” घरच्या माणसाने मध्ये पडायचं नसतं. मग कोयत्याच्या पाठीने खोडावर दोन ठोके, की सगळे जेवायला मोकळे. त्रान्सितोच्या झाडासाठी दर वर्षी नसारिया बोलायची.

आठ वर्षांपूर्वी त्या शनिवारच्या आदल्याच दिवशी एका फळाने तिची कौलं फोडली होती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. दुसऱ्या दिवशी त्रान्सितोच्या नवऱ्याने, गुमारोने, कोयता उगारला आणि हसत तिच्याकडे पाहिलं. नसारिया मूग गिळून बसली. गुमारो थांबला. पाव्हण्यांत कुणीतरी खुसखुसलं. चार लोकांदेखत कोयता उगारलेल्या पुरुषाला तो आपण होऊन खाली घेता येत नाही, निदान आमच्याकडे तरी नाही. त्याचं हसू गेलं आणि त्याने घाव घातला. मग थांबलाच नाही. त्रान्सितो किंचाळली ते नसारियाला अजून ऐकू येतं. त्या दुपारी फिदेन्सियो जेवला नाही. “हे काय केलंस, बाई?” एवढंच म्हणाला. तिला तेव्हा वाटलं, शेजाऱ्यांसाठी जीव तुटतोय याचा; आपल्या झाडाचा जोडीदार गेला हे त्याला कळलं होतं, ते तिला आत्ता उमगलं.

तेव्हापासून दोघींमध्ये एक शब्द नव्हता. पुढे गुमारोही गेला, तेव्हा नसारिया मयताला गेली ती दाराशीच उभी राहून परतली.

बाजारातून आल्यावर तिने भिंतीला शिडी लावली आणि पलीकडे डोकावली. त्या तोडलेल्या खोडाला धुमारे फुटून चांगलं पुरुषभर झुडूप झालं होतं. भिंतीच्या वर एकही फांदी येऊ दिली नव्हती. आणि ते मोहरलं होतं.

समोरच्या दाराने जाऊन मागावं, एवढं साधं होतं. पण या बायकांना साधं काही जमेल तर शपथ! नसारिया दाराशी दोनदा गेली आणि हात उचलायच्या आतच परत आली. मग तिने आबुंदियोचा दाढीचा जुना ब्रश शोधला. सकाळी, त्रान्सितो चर्चला गेली की शिडीवर चढायची, भिंतीवर पोट टेकून ओणवी व्हायची आणि पलीकडच्या फुलांवरून ब्रश फिरवायची. मग तोच ब्रश आपल्या फुलांना. शिडी करकरायची. गल्लीत पाऊल वाजलं की हातातून ब्रश सुटायचा. या वयात चोरी करताना सापडले, तर कुठल्या तोंडाने गल्लीत राहू, असं तिला होई.

आणि एका सकाळी सापडलीच. ती भिंतीवर पालथी, आणि खाली त्रान्सितो डोक्यावरची ओढणी न काढता उभी. किती वेळ उभी होती कोण जाणे. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. त्रान्सितो आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

“झालं,” नसारिया स्वतःशी म्हणाली. “आता मुळासकट उपटून टाकील.”

दुसऱ्या दिवशी भिंतीवर एक बादली होती. पाणी भरलेली, त्यात ताज्या कापलेल्या मोहराच्या फांद्या. चिठ्ठी नाही, हाक नाही. नसारियाने ती बादली दोरीने आपल्या झाडात टांगली. ऊन चढलं तशा मधमाश्या आल्या आणि बादलीतून झाडावर, झाडावरून बादलीत येरझारा घालू लागल्या. मोहर संपेपर्यंत फांद्या सुकल्या की नवी बादली भिंतीवर यायची, आणि रिकामी झालेली नसारिया घासूनपुसून परत ठेवायची. बोलणं मात्र अजिबात नाही.

मार्च सरता सरता मोहराच्या देठांवर वाटाण्याएवढ्या गाठी दिसू लागल्या. नसारिया कुणाला बोलली नाही. मग ईस्टरच्या आठवड्यात वारा सुटला. ती खिडकीशी बसून जिवाचा कान करून टपटप ऐकायची आणि मोजायचं नाही, असं ठरवायची. वारा पडला तेव्हा वरचं सगळं खाली होतं. फक्त भिंतीकडच्या खालच्या फांदीवर, पानांआड, थोडी फळं टिकली होती.

“ही?” आबुंदियो वाकून म्हणाला. “आई, ही पुढल्या वाऱ्याला जातील.”

शनिवारी अंगण भरलं. होणाऱ्या सुनेची माणसं आली, गल्ली आली. आणि लग्नघर म्हटल्यावर धर्मआईला बोलावणं चुकवून चालत नाही, म्हणून आबुंदियो स्वतः जाऊन त्रान्सितोला घेऊन आला. आठ वर्षांनी तिने या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं. हातात गुळाच्या पाकातल्या पावाचं भांडं होतं. ते तिने कुणाला दिलं नाही.

आबुंदियोने आणला होता तो कोयता नव्हता, कुऱ्हाड होती. ती उगारून तो म्हणाला, “आता तोडतोच तुला!” मग सवयीने विचारलं, “कोण बोलतंय याच्यासाठी?”

सुनेच्या माणसांना ठाऊक नव्हतं, ती गप्प. गल्लीला सगळं ठाऊक होतं, म्हणून गल्ली गप्प. सगळ्यांचे डोळे त्रान्सितोकडे. त्रान्सितो झाडाकडे बघत होती. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

पोराची कुऱ्हाड वर तशीच राहिलेली नसारियाला दिसली, चेहऱ्यावरचं हसू उतरताना दिसलं. हे तिने पूर्वी पाहिलं होतं, आणि तेव्हा तिला त्यात सुख वाटलं होतं. तिला स्वतःची किळस आली.

“त्या दिवशी मी बोलायला हवं होतं, कोमाद्रे,” ती सगळ्यांदेखत म्हणाली.

“मला आठ वर्षं माहीत आहे ते,” त्रान्सितो म्हणाली. मग आबुंदियोकडे वळली. “खाली घे ती कुऱ्हाड, गाढवा, पाव्हण्यांच्या डोक्यात घालशील. सोड त्याला. पुढल्या वर्षी देईल.”

धर्मआईचा शब्द. आबुंदियोने श्वास सोडला, कुऱ्हाड उलटी धरली आणि पाठीने खोडावर हलकेच दोन ठोके दिले. भिंतीकडची फांदी हलली. नसारियाने जमिनीकडे पाहिलं. काही पडलं नव्हतं.

त्रान्सितोने हातातलं भांडं तिच्या हातात दिलं.

“बघ,” ती म्हणाली, “त्या दिवशी तू एवढंच म्हणायचं होतंस. जीभ झिजली नाही माझी.”