कॉरिडॉरमधली खुर्ची

कॅनबेराच्या एका युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, मी इतिहास शिकवते. स्वभावाने खडूस आहे, हे आधीच सांगून टाकते. पुण्यात वाढले, त्याला इलाज नाही. थर्ड इयरच्या मुलांना मी दरवर्षी एक खेळ खेळायला लावते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक कुर्दी शेख हजारो स्वार घेऊन तुर्कांच्या हद्दीतून इराणात घुसला, उर्मिया शहराला वेढा घालून बसला, आणि लंडन, पीटर्सबर्ग, इस्तंबूल, तेहरान अशा चार राजधान्यांची धांदल उडाली. म्हणून वर्गात चार टेबलं, प्रत्येक टेबल म्हणजे एक राजधानी. इस्तंबूल आणि तेहरानच्या मध्ये जमिनीवर निळी टेप, ती सरहद्द. तोंडाने बोलायचं नाही, फक्त चिठ्ठ्या पाठवायच्या, त्याही माझ्या हातून. शेखाला टेबल नाही.

त्या वर्षी वर्गात एक कुर्दी बाई आली. पन्नाशीची असेल. एज्ड केअरमधली, म्हणजे वृद्धाश्रमातली, सकाळची शिफ्ट संपवून लाईट रेलने यायची, युनिफॉर्मवर कोट चढवून. बाकीची मुलं मला नावाने हाक मारतात, ही मात्र ‘टीचर’ म्हणायची.

“टीचर, शेखाचं टेबल कुठंय?”

“नाहीये.”

“मग मी कुठं बसू?”

मला गंमत सुचली. म्हटलं, बाहेर कॉरिडॉरमध्ये खुर्ची टाका, दार उघडं ठेवू. तिथून पत्रं लिहा. शेखानेही वकिलातींना पत्रं लिहिलीच होती की! वर्ग हसला. तीही थोडी हसली आणि खुर्ची उचलून बाहेर गेली. काय झकास सुचलं आपल्याला, म्हणून मी दिवसभर खूश होते.

पुढच्या आठवड्यात ती माझ्या खोलीत आली. शेख माघारी फिरल्यावर इराणी फौजेने गावंच्या गावं जाळून सूड उगवला, त्यातलं एक गाव तिच्या आजीच्या आजीचं. घरात सगळ्यांना ती गोष्ट पाठ होती. पण परक्या माणसांनी एका खोलीत बसून ती ऐकलीय, असं कधी झालं नव्हतं. सेमिस्टरच्या शेवटी प्रत्येकाला वर्गापुढे बोलायला पंधरा मिनिटं मिळतात. “मला ती पंधरा मिनिटं या गोष्टीसाठी हवीत, टीचर. मार्क नाही दिलेत तरी चालेल.”

“बघू,” मी म्हटलं. इंग्रजीत म्हटलं, पण आमच्या घरी ज्या सुरात म्हणतात त्याच सुरात. आमच्याकडे बघू म्हणजे नाही.

सहा आठवड्यांत तिने अकरा पत्रं लिहिली. उत्तर द्यायचं की नाही, हे ज्या त्या टेबलाने ठरवायचं, असा माझा नियम. लंडनच्या टेबलावरची मुलगी प्रत्येक पत्रावर ‘पोचलं’ एवढं लिहून परत द्यायची. बाकीचे तेवढेही कष्ट घेत नव्हते. पत्रं परत नेऊन द्यायला मीच दारापर्यंत जायचे आणि ती दर वेळी उठून उभी राहायची.

सहाव्या आठवड्यात ती खुर्ची उचलून आत आली. निळ्या टेपवर खुर्ची ठेवली आणि बसली.

“उत्तर द्या,” ती म्हणाली.

आवाज चढवला नव्हता. मुलं माना खाली घालून बसली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतके दिवस जमवलेला खेळ, आणि हिने बसल्या बसल्या त्याचा विचका केला!

“इतिहासात असं झालेलं नाही. प्लीज बाहेर जा.”

“झालंय, टीचर. तो आत आला होता.”

तिचं बरोबर होतं. मला ते तिथल्या तिथे कळलं आणि त्यामुळे जास्तच राग आला. मी दाराकडे बोट केलं.

हा कोर्स आम्ही दोघं शिकवतो. माझा सहकारी रशियाचा अभ्यासक, मी ब्रिटनची. कोर्सवर आधी कोणाचं नाव, यावरून आमची तीन वर्षं बोलचाल बंद होती. जे काही ते ईमेलवर. त्या आर्वोला, इथल्या भाषेत दुपारी, मी त्याला कॉफीला बोलावलं. वीस मिनिटांत आमचं एकमत झालं: बाईंना ऑनलाइन तुकडीत टाकायचं. तिथे वर्गापुढे बोलायचं नसतं, व्हिडिओ पाठवायचा आणि तो फक्त तपासणारा बघतो. शेखाच्या वेळीही हेच झालं होतं. आशियाभर एकमेकांच्या मुळावर उठलेल्या लंडन आणि पीटर्सबर्गने या एका बाबतीत मिळून सुलतानाच्या मागे लकडा लावला, की शेखाला हलवा. शेवटी त्याला अरबस्तानात धाडलं. तिथेच तो गेला. आम्ही दोघं हेच तर शिकवतो.

पत्र मी लिहिलं. तुमच्या कल्याणाचा विचार करता, वगैरे. सहकाऱ्याने एक स्वल्पविराम दुरुस्त केला. गुंगालिन उपनगरातल्या घरी आल्यावर लेकीने मागून स्क्रीन वाचली. “आई, दॅट्स सो मीन.” मी म्हटलं, प्रोसेस असते ती, तू जेवून घे.

बाईंचं उत्तर एका शब्दाचं आलं. ‘पोचलं.’

आता तिची पंधरा मिनिटं वेळापत्रकात मोकळी पडली. समारोपासाठी ती सहकाऱ्याला हवी होती. मलाही हवी होती. चार दिवस ईमेलवर भांडलो आणि शेवटी वाटून घेतली, साडेसात-साडेसात.

शेवटच्या दिवशी कडाक्याची थंडी होती. सहकाऱ्याचं बोलणं संपत आलं तेव्हा दारातून मला ती दिसली. युनिफॉर्म, वर कोट, हातात कागद. कॉरिडॉरमधल्या त्याच खुर्चीवर बसली होती. आत यायचं नाही, हे तिला आता ठाऊक होतं. ऐकायलाच आली असावी.

माझी पाळी आली. शेखाला हद्दपार कसं केलं, हा माझा विषय. तिच्यादेखत माझ्याच्याने तोंड उघडवेना. “हीटर वाया जातोय,” असं म्हणत मी गेले आणि दार लावून घेतलं. मी लावत असताना तिने माझ्याकडे पाहिलं आणि नेहमीसारखी उठून उभी राहिली. पत्र आणलंय, असं वाटलं असेल तिला.

माझं बोलणं साडेपाच मिनिटांत आटोपलं. दोन मिनिटं उरली. मला लाज वाटत होती, आणि तरी दार उघडायला मी जागची हलले नाही. कुणाला काही प्रश्न आहेत का, एवढं विचारलं. कुणाला नव्हते.