भुंडे हात

मी कासारीण. बेलापूरच्या पेठेत कोपऱ्यावर आमचं बांगड्यांचं दुकान आहे आणि गावातल्या निम्म्या बायकांचे हात मी भरलेले आहेत. सुरेखाबद्दल गावात बरंच काही बोललं जातं. हट्टी आहे, डोक्यावर परिणाम झालाय, नवऱ्याच्या जिवावर उठलीय. बोलणाऱ्यांचं काय जातं! तिच्या हाताची खबर माझ्याइतकी कुणाला नाही, म्हणून मी सांगते.

ती पाथर्डीकडची. माहेरची माणसं दर साल कोयता घेऊन ऊसतोडीला निघायची, त्यामुळे तिचं लहानपण कोपरगावकडच्या फडांवर, पाचटाच्या कोपीत गेलं. लग्न होऊन इथे आली तेव्हा आता एका जागी राहायचं, याचाच तिला कोण आनंद झाला होता. नवरा गोरक्षनाथ स्वतःचा टेम्पो चालवतो. कांदे, टोमॅटो, लग्नाची भांडी, जे भाडं मिळेल ते. माणूस सरळ, जीभ मात्र तिखट. सुरेखा त्याच्याशी रोज भांडायची आणि रोज संध्याकाळी त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसायची. सणावाराला माझ्याकडे आली की हिरव्या काचेच्याच बांगड्या मागायची. मेटलच्या दाखवल्या तर म्हणायची, त्या वाजत नाहीत, आणि बाई घरात आहे हे घराला कळायला नको का? भरून झाल्या की मला वाकून नमस्कार करायची आणि जाताना दुकानातल्या इतर बायकांपुढे मुद्दाम हात हलवून दाखवायची.

हे सगळं गेल्या वर्षीपर्यंतचं.

आमच्या गावाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. पाणी कधी सुटणार, कुणाची शेळी हरवली, असलं सगळं त्यावर येतं. एका संध्याकाळी काही पोरांनी भर रस्त्यात मोटारसायकली आडव्या लावल्या, जीपच्या बॉनेटवर केक कापला आणि फटाक्यांच्या माळा पेटवल्या. गोरक्षनाथचा टेम्पो टोमॅटो भरून पलीकडे अडकला. त्यानं हॉर्न वाजवला, तर पोरं टेम्पोपुढे येऊन नाचायला लागली. घरी आल्यावर त्यानं ग्रुपवर लिहिलं की वाढदिवस आपापल्या घरात करा, रस्ता तुमच्या बापाचा नाही.

बाप काढायला नको होता, मान्य. पण एवढ्यासाठी माणसाची जी दशा केली, ती पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोटो लावलेलं कार्ड आलं, 'भावी रस्तेमंत्री'. मग त्याच्या डोक्यावर फेटा, मग गाढवाच्या धडावर त्याचं तोंड. नंबर सगळ्यांकडेच, म्हणून नको नको त्या वेळी फोन यायचे, साहेब रस्ता मोकळा आहे का? प्रत्येक कार्डाखाली हसून डोळ्यांत पाणी आलेल्या पिवळ्या तोंडांची रांग लागायची आणि त्या रांगेत चांगले शिकलेसवरलेले लोक असायचे. चहाच्या टपरीवर गेला तरी तेच. शेवटी वैतागून गोरक्षनाथनं मोबाईल बंद केला आणि टेम्पोच्या खणात टाकून दिला.

तेव्हा सुरेखा माहेरी होती. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. गोरक्षनाथ कांद्याचं भाडं घेऊन बाहेरगावी गेला होता.

त्या सकाळी ग्रुपवर आणखी एक कार्ड आलं. गोरक्षनाथच्या फोटोला झेंडूचा हार, बाजूला समई, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली लिहिलं होतं, 'अल्पशा आजाराने दुःखद निधन, अंत्यविधी दुपारी चार वाजता प्रवरेच्या काठी.' आणि सगळ्यांत खाली, अगदी बारीक अक्षरांत, 'अंत्ययात्रेसाठी रस्ता मोकळा ठेवावा, तो कुणाच्या बापाचा नाही.' गावातल्या बहुतेकांना ती शेवटची ओळ ठाऊक होती, त्यांनी दात काढले. पण कुणीतरी ते कार्ड पाहुण्यांच्या ग्रुपवर ढकललं आणि तिथून ते पाथर्डीला पोचलं. हार घातलेला फोटो दिसल्यावर खालचं बारीक अक्षर वाचत कोण बसतं?

पुढचं मला सुरेखानंच सांगितलं. ती आईच्या डोळ्यांत औषध घालत होती. चुलतभाऊ मोबाईल घेऊन दारात आला आणि त्यानं तो तिच्यापुढे धरला. तिनं फोटो पाहिला. गोरक्षनाथला फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. शेजारणीला लावला, तर तिनंच उलट विचारलं की खरं आहे का गं? मग सुरेखानं दोन्ही हात उंबऱ्यावर आपटले, परत परत, एकही बांगडी शिल्लक न राहीपर्यंत. काच डाव्या मनगटात शिरली. चुलती रंगूबाई जुन्या वळणाची. तिनं रडत रडत पदराच्या टोकानं हिचं कुंकू पुसलं आणि गळ्यातलं मंगळसूत्र काढून स्वतःच्या कनवटीला लावलं.

चारच्या सुमाराला त्यांची जीप पेठेत शिरली. बायकांनी जीपमध्येच गळा काढला होता, म्हणून मी दुकानाबाहेर आले. सुरेखाचं घर समोरच्या बोळात. दारात गोरक्षनाथ पाइप घेऊन टेम्पो धूत होता. नुकताच परतला होता, त्याला कशाचाच पत्ता नव्हता.

सुरेखा जीपमधून उतरली आणि त्याच्याकडे पाहत राहिली. धावली नाही, ओरडली नाही. सावकाश चालत गेली आणि दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारायला लागली. त्याच्या ओल्या शर्टावर तिच्या मनगटाचं रक्त लागत होतं. "फोन का बंद ठिवला? का बंद ठिवला?" एवढंच ती म्हणत होती. तो बिचारा पाइप हातात धरून तसाच उभा. पाण्यानं सगळा बोळ भिजला.

मग गर्दी जमली आणि लोकांना हायसं वाटलं. कुणीतरी म्हणालं, खोटी बातमी आली की माणसाचं आयुष्य वाढतं. झालं! जो तो येऊन तेच म्हणायला लागला. चहा आला. गोरक्षनाथच्या पाठीवर थापा पडल्या, आता शंभरी नक्की. मला त्या सगळ्यांना झाडूनं हाकलावंसं वाटत होतं. सुरेखा उंबऱ्यात बसली होती आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

रंगूबाईनं लगोलग मंगळसूत्र परत घातलं, कुंकू लावलं आणि हिला माझ्या दुकानात आणलं. "कासारीनबाई, आदी हात भरा तिचे. सवाष्णीचे भुंडे हात बघवंनात." मी हिरव्या बांगड्या काढल्या. सुरेखानं हात मागे घेतला.

"न्हाई भरायच्या," ती म्हणाली. "ज्यानं कार्ड बनिवलं त्यानं त्याच ग्रुपवर, सोताच्या नावानं लिवावं, ह्ये मी केलं म्हणून. मग भरीन."

कार्ड कुणी बनवलं हे काही गुपित नव्हतं. गावातली वाढदिवसाची, सत्काराची, श्रद्धांजलीची सगळी कार्डं अंगदच बनवतो. गोरक्षनाथच्या चुलतभावाचा मुलगा, सख्ख्या पुतण्यासारखा. त्याच दिवशी त्याची आई पुष्पावती त्याला घेऊन आली. पोरानं सुरेखाचे पाय धरले, रडला, गंमत केली म्हणाला. गोरक्षनाथ पोलिसांत जायला निघाला होता, तर भावकीतली जाणती माणसं आडवी आली की पोराचं लग्न ठरतंय, केस झाली तर आयुष्याचं वाटोळं होईल. सुरेखा म्हणाली, मला केस नको, लिहिलेलं पाहिजे.

अंगद पायावरून उठला. "काकू, देवळात नाक घासतो, पण ग्रुपवर न्हाई. लोक जगू देनार न्हाईत मला."

"मंग तुला ठावं हाय की काय असतंय ते," सुरेखा म्हणाली आणि आत निघून गेली.

तेव्हापासून तिचे हात मोकळे. बोलणारे आधी पोराला बोलत होते, ते पंधरवड्यात हिच्यावर घसरले. नवरा जिवंत असताना असं करणं अपशकुन, म्हणे. एका डोहाळजेवणाला तिला बोलावलं, पण ओटी भरायच्या वेळी कुणीतरी तिच्या हातातलं ताट हळूच काढून घेतलं. ग्रुपवर पुन्हा विनोद सुरू झाले. गोरक्षनाथला 'कैलासवासी' म्हणायला लागले. तो एकदा माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसला आणि म्हणाला, "तिला समजवा वहिनी. ती अशी दिसली की मलाच वाटतं, मी हाय का न्हाई." मी काय समजावणार? मला तिचंच खरं वाटत होतं. तरी एकदा बोलून पाहिलं, तर म्हणाली की ताई, बांगड्या दुसऱ्या कुणी फोडल्या असत्या तर कधीच भरल्या असत्या, त्या मी माझ्या हातानं फोडल्या. गोरक्षनाथ बाहेर असला की ती तासातासाला फोन करायची आणि तो गाडी चालवता चालवता उचलायचा, कारण नाही उचलला तर ती रस्त्यावर येऊन उभी राहायची. घरात कुणाचाही मोबाईल टुणकन वाजला की तिचा चेहरा पांढरा पडायचा.

यंदा उन्हाळ्यात अंगदचं लग्न निघालं. आमच्याकडे लग्नघरी कासारीण जाते आणि भावकीतल्या सगळ्या सवाष्णी ओळीनं बसून चुडा भरतात. पुष्पावती सुरेखाला आमंत्रण द्यायला गेली. येईन, पण हात भरणार नाही, असं उत्तर मिळालं. पुष्पावती तिथून थेट माझ्याकडे आली आणि रडली. सख्खी म्हणावी अशी जाऊ चुड्याला भुंड्या हातानं बसणार, तर पोराच्या संसाराचं कसं व्हायचं? मी म्हटलं, मला काय विचारता, पोराला विचारा. त्या रात्री घरात काय झालं ते मला माहीत नाही. चुड्याच्या दिवशी सकाळी अंगदनं ग्रुपवर लिहिलं, 'गोरक्षनाथ काकांचं ते कार्ड मी बनवलं होतं. काकूंना त्रास झाला. माझं चुकलं.' आणि नवऱ्यामुलाचे कपडे आणायला मोटारसायकल घेऊन श्रीरामपूरला गेला.

दुपारी मी लग्नघरी पोचले. पुष्पावतीचे हात पहिले भरले. सुरेखा ओळीत बसली होती आणि मला वाटलं, आज सुटलं सगळं. तेवढ्यात बायकांचे मोबाईल एकामागून एक वाजायला लागले. सुरेखानं शेजारणीच्या मोबाईलमध्ये पाहिलं. मीही पाहिलं. अंगदचाच फोटो, मुंडावळ्या बांधलेला, लग्नपत्रिकेसाठी काढलेला. त्याला झेंडूचा हार, बाजूला समई. 'अपघाती निधन'. आणि खाली बारीक अक्षरांत, 'काकूंना त्रास झाला, माझं चुकलं.'

अंगदला फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली.

पुष्पावतीला वाचता येत नाही, पण हार घातलेला फोटो वाचावा लागत नाही. कुणीतरी मोबाईल लपवायच्या आत तिनं पाहिलं. तिच्या तोंडून आवाज फुटायच्या आधी सुरेखानं झेप घेतली आणि तिची दोन्ही मनगटं घट्ट धरली, नव्या बांगड्यांसकट. "आक्का, खोटं हाय. माज्याकडं बघ. खोटं हाय." पुष्पावती हात सोडवायला धडपडत होती, डोकं आपटू पाहत होती. सुरेखा तिच्या अंगावर रेलून बसली आणि तिनं पकड सोडली नाही. "तो दारात उभा ऱ्हाईस्तोवर मी न्हाई सोडनार." मी आणि दोघीतिघी बायका नुसत्या बघत होतो. गोरक्षनाथ मांडवाच्या कामाला आला होता, तो टेम्पो काढून श्रीरामपूरच्या रस्त्याला सुटला.

किती वेळ गेला सांगता येत नाही. अंगद कपड्याच्या पिशव्या घेऊन दारात आला, मागे गोरक्षनाथ. दुकानातल्या गोंधळात मोबाईल ऐकूच आला नव्हता, म्हणे. आईनं त्याला पाहिलं आणि ती सुरेखाच्या मांडीवरच कोसळली. अंगदनं कार्ड पाहिलं. खालची ओळ वाचली. पिशव्या खाली ठेवल्या आणि भिंतीला टेकून खाली बसला. त्याच्याच हातचा हार, तीच समई, गेल्या वर्षीच्याच कार्डावर फोटो आणि ओळी तेवढ्या बदललेल्या.

कुणीतरी म्हणालं, आयुष्य वाढलं पोराचं. मी त्या बाईला गप्प बस म्हटलं, मोठ्यानं.

सुरेखानं पुष्पावतीची मनगटं सोडली. एकही बांगडी फुटली नव्हती, पण कातडीवर वळ उठले होते. मग ती माझ्याकडे वळली आणि तिनं डावा हात पुढे केला, तो काचेच्या खुणेचा. मी बोटं दाबली, पहिली बांगडी चढवली, दुसरी चढवली. तिसरी अंगठ्याच्या हाडापाशी आली आणि कोपऱ्यात कुणाचा तरी मोबाईल वाजला. सुरेखाची मूठ आवळली. बांगडी कटकन गेली.

मी सगळ्यांचे मोबाईल बंद करायला लावले. तिची मूठ उघडेना. मी चोळली, फुंकर घातली, बोलत राहिले, तरी उघडेना. तिचे डोळे दाराकडे होते. मला उशिरा कळलं. मी गोरक्षनाथला हाक मारली, आत या आणि बसा इथे. चुड्याच्या बैठकीत पुरुष येत नाही, पण बायकांनी सरकून जागा केली. तो बायकांमधून वाट काढत आला, तिच्या शेजारी मांडी घालून बसला आणि त्यानं तिचा दुसरा हात धरला.

मग मूठ उघडली. मी चौथी बांगडी घेतली.