मागच्या दाराचा घोडा

मुंशी बेठेकरला धंदा कळत नाही असं अख्खं गाव म्हणतं, आणि गावाचं फारसं चुकत नाही. गिऱ्हाईक किंमत विचारतं, तेव्हा हा गृहस्थ उलट त्यालाच विचारतो, "ठेवनार कुठी?" घरात, कपाटावर, असं उत्तर आलं की मुंशी आपला लाकडी घोडा परत पोत्यात घालतो.

अकोटहून एसटीनं पायथ्याशी उतरून डोंगर चढला की त्याचं गाव. वस्ती कोरकूंची. माणूस गेला की त्याच्या नावानं सागाचा खांब कोरून झाडाखाली उभा करतात. खांबावर चंद्र, सूर्य, आणि घोड्यावर बसलेला तो गेलेला माणूस. आसपासच्या गावांतले निम्मे खांब मुंशीच्या हातचे. चाळीस वर्षं मेलेल्यांना घोड्यावर बसवलं, पण एकानंही तक्रार केली नाही, असं सांगून तो स्वतःच हसायचा.

ते हसणं आता राहिलं नाही. सात वर्षांपूर्वी त्याचा एकुलता मुलगा देवानंद ठेकेदाराबरोबर पुण्याकडे बांधकामावर गेला. दोन वर्षं फोन आले, मग नंबर लागेना. ठेकेदार म्हणाला, दुसऱ्या साइटवर गेला. कोणत्या, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मुंशी दोनदा पुण्याला जाऊन आला. अर्धवट इमारतींखाली उभं राहून वर बघता बघता मान आखडली, पोरगा दिसला नाही. भाऊबंद म्हणू लागले, आता त्याचा खांब उभा कर, नाहीतर जीव भटकत राहील. मुंशीनं पटाशी खाली ठेवली. "माह्या पोराले मी घोड्यावर नाई बसवत," तो म्हणाला. त्यानंतर त्यानं कुणाचाच खांब कोरला नाही.

अशात इफ्फत आली. शहरातल्या राजापेठेत तिचं दुकान. डोंगरातल्या कारागिरांच्या वस्तू ती मोबाइलवरून आणि प्रदर्शनांतून लांबलांब विकते. जीभ तिखट, मन मऊ. ती म्हणाली, "काका, एवढा हात हाये तुमचा, अन् असा कावून कुजवून राहिले? पुण्या-मुंबईचे लोक पाहतीन."

पुण्याचे लोक पाहतील, एवढंच मुंशीच्या कानात राहिलं.

दुसऱ्याच दिवशी त्यानं घोडा कोरायला घेतला. पाठीवर कुणी नसलेला, आणि पुढचा डावा पाय जरा दुमडलेला. देवानंद लहानपणी बापाशेजारी बसून कोरायचा, तेव्हा त्याच्याकडून नेमका हाच पाय चुकायचा. बाप हसला की पोरगं म्हणायचं, दमला आहे घोडा. घोडा शहरात जाईल, लोकांच्या वाटेत उभा राहील, कधीतरी पोरगा तिथून जाईल आणि तो पाय ओळखेल, एवढ्या आशेवर मुंशी कामाला बसतो. वेडी आशा आहे हे त्यालाही कळतं. पण शहाण्या माणसांनी तरी त्याचा देवानंद कुठे शोधून दिला होता?

यंदा पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलनं बारा घोडे मागितले. इफ्फत धापा टाकत डोंगर चढून आली. घोडं पेंड खात होतं ते एकाच ठिकाणी. हॉटेलवाल्यांना पाय सरळ हवा होता.

"नाई होत," मुंशी म्हणाला.

"काका, डोस्कं ठिकानावर हाये का? बारा घोडे! एका पायासाठी कोनी एवढं घालवते का?"

मुंशी उठून बाहेर गेला. त्याची बायको फुलाय चुलीपाशी होती. तिनं वर न बघता त्या पायाची सगळी हकिकत इफ्फतला सांगितली. मग इफ्फतनं अंगणात जाऊन पुण्याला फोन लावला आणि असा काही आवाज चढवला की कोंबड्या पांगल्या. पाय आहे तसाच राहील, घ्यायचे तर घ्या! पलीकडचा माणूस कुरकुरत कबूल झाला.

मुंशी कुंपणापाशी उभा राहून ऐकत होता. तो जवळ आला.

"बेटी, त्या हाटेलात मजूर कोन्त्या दारानं जातात?"

"मागच्या."

"मंग एक घोडा तिकडं ठेवाले सांग. बाकीचे कुठी का ठेवनात."

दोन महिन्यांनी इफ्फत मोबाइलमध्ये फोटो घेऊन आली. अकरा घोडे दिव्यांच्या उजेडात, काचेसमोर. मुंशीनं ते भराभर सरकवले. बारावा मागच्या फाटकाशी होता, गॅसच्या टाक्यांच्या शेजारी. त्याच्यासमोर खांद्यावर पोतं घेतलेला एक तरुण थांबून घोड्याकडे बघत होता.

"मोठा कर," मुंशी म्हणाला. फुलायही पदराला हात पुसत वाकली.

इफ्फतनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. मुंशी बराच वेळ बघत राहिला. नाक वेगळं होतं, कपाळ वेगळं होतं.

"तो नाई," फुलाय म्हणाली आणि परत चुलीपाशी जाऊन बसली.

मुंशीनं मात्र फोन सोडला नाही. "बेटी," तो म्हणाला, "त्या हाटेलवाल्याले सांग, ह्या पोराले विचारजो म्हनावं, घरी फोन करते का नाई."