लिंबाच्या सरबताची प्रोसेको

आज मी गोव्याच्या हॉटेलात पाहुण्यांच्या टेबलाशी उभा राहून इटलीची वाइन उघडतो, ते माझ्या वहिनीमुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी घाबरट माणूस, बोलता बोलता मुख्य तेच विसरतो. वहिनी आमच्या गावी आंजीत असते. बारावी झालेली आहे आणि गावच्या महिला दारूबंदी मंडळात आहे. हातभट्टीची मडकी फोडायला तीच पुढे. आणि वाइन मला तिनंच शिकवली.

मी नववीत शाळा सोडली. हॉटेलात आधी ग्लास धुवायचो, मग वाइन वाढायला घेतलं. पहिल्याच महिन्यात चुकलो. प्रोसेको म्हणजे इटलीच्या ईशान्येकडची फेसाळ वाइन. ती किती गोड ते बाटलीवर लिहिलेलं असतं. एका बाईंना गोड अजिबात नको होती, मी एक्स्ट्रा ड्राय दिली. ड्राय म्हणजे गोड नसलेली, म्हणून नावावरून वाटलं, तीच सगळ्यात कमी गोड असेल. ब्रूट तिच्याहून कमी गोड असते, हे कुठं माहीत होतं! वर उघडताना असा फटाका वाजला की शेजारच्या टेबलावरचं लेकरू रडायला लागलं. मॅनेजर म्हणाले, "सुट्टीवरून आलास की परीक्षा घेतो. नाही जमलं तर परत ग्लास धुवायचे."

सरावासाठी मी एक रिकामी बाटली टॉवेलात गुंडाळून गावी नेली, सोबत वाइनची माहिती उतरवलेली वही. रिकामी होती, तरी आमच्या दारूबंदीच्या जिल्ह्यात उतरताना वर्धा स्टेशनवर पोलीस दिसला आणि मी टॉवेल आणखी घट्ट गुंडाळला.

"भाऊजी, हे काय आणलं घरात?" वहिनीनं विचारलं. मी चौथीत होतो तेव्हा ती लग्न होऊन आली, तेव्हापासून भाऊजी आणि तुम्हीच म्हणते. मी सगळं सांगितलं. तिनं बाटलीचं तोंड हुंगलं.

"काईच वास नाई."

"धुऊन आणली ना वहिनी."

"धुतली काऊन? निदान वास तरी समजला असता." मग पदर खोचून म्हणाली, "आणा ती वही."

रोज दुपारी ती तूर निवडायची आणि मी वही धरून बसायचो. वहीतलं ती आपल्या भाषेत आणायची. प्रोसेकोचे बुडबुडे बंद टाकीत तयार होतात, हे वाचून म्हणाली, "म्हणजे झाकण लावून आंबवलेलं. इडलीच्या पिठावानी, तेबी फुगते." त्याच भागातली अमारोने ही लाल वाइन द्राक्षं महिनोन्‌महिने सुकवून करतात. "आपण बोरं वाळवतो तशी. मग गोडवा आतच राह्यते." अमारोनेच्या उरलेल्या चोथ्यावर दुसरी वाइन ओतून रिपासो करतात, हे ऐकून ती जोरात हसली, "एवढ्या मोठ्या हॉटेलात चहाच्या चोथ्यावर दुसरा चहा!" ते मी आजतागायत विसरलो नाही.

राहिलं बाटली उघडणं. बूच घट्ट धरायचं आणि फिरवायची बाटली, म्हणजे नुसता सुस्कारा ऐकू येतो. वहिनीनं मक्याच्या कणसाचा तुकडा तासून बूच केलं, बाटलीत लिंबाचं सरबत भरलं, वरून खायचा सोडा टाकला आणि बूच सुतळीनं बांधलं. सोडा मात्र अंदाजानं टाकला, भज्याच्या हातानं.

अंगणात मी सुतळी सोडली आणि बूच थेट शेजारच्या टिनाच्या छपरावर धाडकन पडलं. फेस माझ्या शर्टावर. तेवढ्यात फाटकात मंडळाच्या अध्यक्ष काकू उभ्या. बैठकीला बोलवायला आल्या होत्या.

त्यांनी लेबल पाहिलं. "दारूबंदीवालीच्या अंगणात दारूची बाटली? काय चालून राह्यलं हे?"

वहिनीनं 'सापडली' म्हटलं असतं तरी चाललं असतं. मंडळात तिचा शब्द मानतात, खरं सांगितलं तर तो मान तिथंच जाऊ शकत होता. पण ती म्हणाली, "बाटली दारूचीच आहे काकू. आत लिंबूपाणी आहे. माझा दीर तिकडे हे विकते, पेत नाई. तिकडे बंदी नाई. त्याची नोकरी याच्यावर आहे, म्हणून मीच शिकवून राह्यली. बैठकीत सांगाचं तर सांगा."

काकूंनी बोट बुडवून चाखलं. तोंड वाकडं केलं. "सोडा लय झाला." मग ओट्यावर बसल्या. "शिकवलं ना? मग पाहू दे. हं, पोट्ट्या, मले शुगर आहे. कोणती देशील?"

"काकू, तुम्हाला कोणतीच नाही देणार," मी म्हणालो. "पण गोड नको म्हणणाऱ्या पाहुण्याला ब्रूट. एक्स्ट्रा ड्राय त्याहून गोड, ड्राय आणखी गोड."

"पास," काकू म्हणाल्या. "बाटली मात्र संध्याकाळच्या आत घराबाहेर गेली पायजे."

बैठकीत वहिनीनं स्वतःच उठून सगळं सांगितलं, हे मला नंतर फोनवर कळलं. चार बाया दोन महिने तिच्याशी नीट बोलल्या नाहीत. ते तिनं हसत सांगितलं, मला ऐकताना हसू आलं नाही.

गोव्यात मॅनेजरांसमोर बाटली उघडली तेव्हा बूच धरून बाटलीच फिरवली. नुसता सुस्कारा निघाला. परत ग्लास धुवायला जावं लागलं नाही.

वहिनी, तुम्ही दारूला शिवणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण एक दिवस तुम्हाला इथं आणीन, समुद्राकडच्या टेबलावर बसवीन, मांडीवर रुमाल अंथरीन आणि त्या उंच दांडीच्या ग्लासात लिंबाचं सरबत वाढीन. सोडा मी टाकीन, मोजून.