जावयाच्या गाडीचं ऑपरेशन

हाडकाका कोणाच्याही घरी गेले की आधी दारातल्या चपला-बुटांपाशी थांबायचे. यजमान "या, या" म्हणत हात पुढे करून उभे, आणि हे मात्र वाकून कोणाचा तरी बूट उलटा करून सोल न्याहाळतायत. "हा काळा बूट कोणाचा? टाच एकीकडून झिजलीय. गुडघा दुखतो का?" मग आतून कोणीतरी बिचारा हातात प्रसादाची वाटी घेऊन यायचा आणि गुन्हा कबूल करायचा. लंडनच्या स्टॅनमोरमधल्या आमच्या मराठी मंडळात काका येणार असले की लोक म्हणे नवे बूट घालून यायचे. लोकांचं माहीत नाही, मी घालायचे.

काका निवृत्त ऑर्थोपेडिक सर्जन. सगळी हयात इंग्रजांची हाडं जोडण्यात गेली, त्यामुळे माणूस म्हणजे हाडं आणि त्यांच्याभोवतीची अडचण, असं त्यांचं स्वच्छ मत होतं. "पेशंट थापा मारतो, हाड मारत नाही," हे त्यांचं ब्रीदवाक्य. मी त्यांच्या मुग्धाची मैत्रीण, शनिवारच्या मराठी शाळेतली. आमच्या मंडळात मुलं दोन प्रकारची: मेडिसिनला गेलेली आणि ज्यांच्याविषयी आईवडील हळू आवाजात बोलतात ती. मी दुसऱ्या प्रकारची. कॉव्हेंट्रीत गाड्यांच्या सस्पेन्शनचे भाग डिझाइन करते. काकांनी त्याचं भाषांतर केलं 'फिटर', आणि मला कायम त्याच नावाने हाक मारली.

पण माझ्यापेक्षा खालच्या पायरीवर एक जण होता, तो म्हणजे लार्स, मुग्धाचा नवरा. नॉर्वेच्या पार उत्तरेला डोंगरातल्या लाकडी झोपड्यांची देखभाल करतो. हिवाळ्यात तिथे रस्ता नसतो, म्हणून लाकडं आणि गॅसचे सिलिंडर स्नोमोबाइलमागे घसरगाडी बांधून पोचवतो. काकू त्या वाहनाला 'बर्फावरची स्कूटर' म्हणायच्या. काका काहीच म्हणायचे नाहीत. मंडळात कोणी विचारलं, "जावई काय करतात?" तर उत्तर यायचं, "मुग्धाचे मिस्टर नॉर्वेला असतात." नॉर्वेला असणं ही जणू कन्सल्टंटची पोस्ट. जावई हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघालाच नाही. लार्सही त्यांना 'डॉक्टर' म्हणायचा, कारण दुसरं काय म्हणायचं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. व्हिडिओ कॉलवर दोघं हवामानावर बोलायचे, आणि तिथलं हवामान बदलत नसल्यामुळे ते बोलणं लवकर संपायचं.

एका कॉलवर मुग्धाने सांगितलं की लार्सच्या स्नोमोबाइलची रेल वाकली आणि तो अख्खा माळ तुडवत पायी घरी आला. काकूंनी छातीवर हात ठेवला. काकांनी चष्मा लावला.

"कुठे वाकलीय? जॉइंटजवळ की मध्ये?"

लार्सने फोन गाडीखाली नेऊन दाखवलं. लग्नानंतर पहिल्यांदाच काका त्याच्याशी सरळ बोलत होते, आणि तेही न थांबता. शेवटी म्हणाले, "Send it to me." गाठ पेशंटशीच पडल्यासारखे ते खुलले होते.

रेल आली. काकूंनी डायनिंग टेबलावर जुनी चादर अंथरली, तिच्यावर ती लांबलचक वाकडी पट्टी पहुडली, आणि मला कॉव्हेंट्रीहून बोलावणं आलं. "फिटर, सेकंड ओपिनियन हवंय."

मी ओपिनियन दिलं. स्नोमोबाइल ज्या रबरी पट्ट्यावर पळते त्याच्या आत अशा अ‍ॅल्युमिनियमच्या दोन रेल असतात. उडी मारून गाडी आदळली की सगळा मार त्या खातात. लार्सने कंपनीची न घेता ऑनलाइन स्वस्तातली जोडी घेतली होती. बाहेरच्या सगळ्याच वाईट असतात असं नाही, काही कंपनीच्यापेक्षा दणकट असतात. पण ही पातळ होती, धातूही नरम होता, आणि वजन कमी करायला व दिसायला छान म्हणून तिला ओळीने भोकं पाडली होती. त्यातलं एक नेमकं पुढचा दांडा जिथे बोल्टने बसतो त्याच्या शेजारी. वर बोल्ट ढिला. रेल तिथेच वाकली.

"हाडालासुद्धा भोकं असतात," काका म्हणाले.

"हाड जुळून येतं, काका. अ‍ॅल्युमिनियम येत नाही. एकदा वाकलं आणि सरळ केलं की आतून चिरतं. प्लीज, सरळ करू नका. नवीन ओरिजिनल घ्यायला सांगा."

काकांनी सीनियर कन्सल्टंट ज्युनियरचं ऐकतात तसं ऐकलं, म्हणजे शेवटपर्यंत ऐकलं आणि मग स्वतःला हवं ते केलं. गॅरेजमध्ये शिकंज्यात धरून रेल सरळ केली. वाकल्या जागेवर, मोडक्या हाडाला प्लेट लावतात तशी, पोलादाची जाड पट्टी दोन्ही बाजूंनी बोल्टने आवळली. काम इतकं देखणं होतं की माझ्याच्याने टाकून बोलवेना. पार्सलबरोबर सूचना गेली: सुरुवातीला जपून वजन द्यावे.

लार्सने ती बसवली. मला आधी वाटलं, या माणसाला अक्कल नाही. मुग्धा फोनवर म्हणाली, "अगं, बाबांनी त्याला first time काहीतरी पाठवला. He couldn't not use it."

दुसऱ्याच खेपेला ती तुटली. आता वाकली नाही, तुटली, आणि तीही पट्टी संपते तिथे. नरम गोष्टीला मध्येच कडक पट्टी बांधली की वाकायचं सगळं ओझं पट्टीच्या टोकाशी येऊन बसतं. वारा सुटलेला, बर्फ उडत होतं, आणि लार्स पुन्हा पायी निघाला. या वेळी झोपडी सापडली म्हणून वाचला. त्याने गुपचूप ओरिजिनल रेल बसवल्या आणि मुग्धाला बजावलं की लंडनला कळता कामा नये. काकांनी कॉलवर विचारलं की तो अंगठा वर करून, शिकवून ठेवलेल्या मराठीत सांगायचा, "उत्तम, डॉक्टर."

त्या दिवाळीला काकांनी मंडळात बुटांकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ आत आले आणि फराळाच्या टेबलाशी उभे राहून भूलतज्ज्ञांच्या अख्ख्या घोळक्याला सांगू लागले, "माझ्या जावयाची गाडी माझ्या प्लेटवर पळते." काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मी चकलीकडे पाहिलं. काकांचा मला भयंकर राग येत होता, आणि तो शब्द ऐकून डोळ्यांत पाणीही येत होतं.

पुढच्या फेब्रुवारीत काका-काकू नॉर्वेला गेले. पोचल्या पोचल्या काका चहा न घेता शेडमध्ये गेले, आपला पेशंट बघायला. गाडीखाली वाकले. रेल कोऱ्या, कंपनीच्या. मग भिंतीशी नजर गेली. तिथे त्यांची रेल दोन तुकडे होऊन टांगलेली होती. लार्सला ती फेकवली नव्हती.

पुढचं मुग्धाने सांगितलं. काकांनी तुकडा खिडकीपाशी नेला, तुटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "प्लेटच्या टोकाला," ते म्हणाले. "हाडातही असंच होतं. मी पोरांना शिकवलंय हे." मग लार्सला विचारलं, तुटली तेव्हा तू कुठे होतास. लार्सने खरं सांगितलं, वाऱ्यासकट. काका गाडीच्या सीटवर बसले. मग उठून लार्ससमोर उभे राहिले. ऑपरेशन फसलं तर सर्जनने स्वतः पेशंटकडे जायचं, ज्युनियरला पाठवायचं नाही, हा त्यांचा नियम होता.

"I did this. The fitter told me not to. तू मेला असतास."

लार्स म्हणाला, "But it was very straight, doctor."

त्यानंतर हवामानाचा विषय बंद झाला. दोघं तासन्‌तास काय बोलायचे देव जाणे. काकू म्हणायच्या, "दोघांना मिळून एक नवीन हाड सापडलंय."

गेल्या वर्षी काका बाथरूममध्ये पडले आणि मांडीचं हाड मोडलं. मुग्धा आणि लार्स मिळेल त्या विमानाने आले. मी वॉर्डात होते. तरुण सर्जन एक्स-रे दाखवून प्लेट कशी बसवणार ते समजावत होती. स्वतःच्या धंद्याबद्दल काकांना गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी लार्सकडे बोट दाखवलं. लार्सने ओशाळून विचारलं, "Where does the plate end?"

सर्जन हसली. "तुम्हीही ऑर्थोपेडिक्समध्ये?"

"माझा जावई आहे," काका इंग्रजीत म्हणाले. "त्याला नीट उत्तर द्या."

तिने नीट उत्तर दिलं. प्लेट लांब घेतली, उत्तम बसली. काका गेले ते छातीच्या इन्फेक्शनने. प्लेटचा काही दोष नव्हता, हे मी एवढ्यासाठी लिहिते की त्यांनी ते आवर्जून लिहायला लावलं असतं.

अंत्यसंस्कारानंतर क्रेमेटोरियममधून फोन आला. अस्थी तयार होत्या, आणि शरीरातला धातू एरवी वितळवायला जातो, तसाच पाठवू का, असं विचारत होते. लार्सने काकूंच्या हातून फोन घेतला आणि म्हणाला, मी येतो न्यायला.

काळवंडलेली प्लेट आणि तिचे स्क्रू त्याने लोकरी मोज्यात गुंडाळून बॅगेत ठेवले. एअरपोर्टवर बॅग अडवली गेली. तपासणाऱ्याने मोजा उलगडून विचारलं, हे काय आहे?

"माझे सासरे," लार्स म्हणाला.