बद्रीनाथमामांची लांब प्रार्थना

मुकुंदवाडीतल्या बद्रीनाथ साळव्यांना चर्चची सगळी मंडळी मामा म्हणे. नाव बद्रीनाथ आणि जायचं चर्चला, यावरून एसटीच्या वर्कशॉपात त्यांची तीस वर्षं थट्टा झाली. "नाव आज्यानं ठेवलं, देव म्या निवडला," एवढंच ते हसून म्हणत. निवृत्त झाल्यावर त्यांना एकच काम उरलं, दुसऱ्यांसाठी प्रार्थना. कुणाचं ऑपरेशन असो की कुणाचं लग्न जमत नसो, मामा डोळे मिटत आणि थेट सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरुवात करत. बायको आवडाबाई म्हणायची, "यांनी डोळे मिटले की म्या कुकर लावते. आमेनला डाळ शिजती."

एका बुधवारी सकाळी नऊच्या सुमारास सोनिया आली. शेजारच्या गल्लीत खोली घेऊन एकटी राहणारी, रविवारच्या शाळेत लेकरांना गाणी शिकवणारी पोर. आई गंगापूरला. "सलाम, मामा," म्हणून ती खुर्चीत बसली. मग एकदम म्हणाली, "मामा, मला आता जगावंसं वाटत नाही."

अशा वेळी काय करायचं ते मामांना ठाऊक होतं, निदान तसं वाटत होतं.

"असं बोलू नाय, बाळा. सैतान ऐकतो. चल, प्रार्थना करू."

त्यांनी डोळे मिटले. प्रार्थना चांगली जमून आली. शब्दाला शब्द लागत गेला, आवाज भरून आला. पोरीला आपण पुरातून ओढून काढतोय असंच त्यांना वाटत होतं. आमेन म्हणून त्यांनी डोळे उघडले.

खुर्ची रिकामी होती.

दार सताड उघडं. उंबऱ्याबाहेर सोनियाच्या चपला तशाच पडलेल्या.

"आवडा!"

आत जाऊन पाहतात तर चहा उतू जाऊन शेगडी विझलेली, गॅसचा वास सुटलेला, आणि आवडाबाईचाही पत्ता नाही. त्यांनी कसाबसा शेगडीचा खटका बंद केला. किती वेळ डोळे मिटून होतो आपण? दहा मिनिटं? वीस? एवढ्या वेळात माणूस कुठल्या कुठं जातं. पोर समोर बसून मरणाचं बोलत होती, आणि आपण देवाला त्यानंच केलेल्या आभाळ-जमिनीची माहिती देत होतो!

ते अनवाणीच पळत सुटले. पिठाच्या गिरणीवाल्या गयासभाईंनी हात केला. "चाचा, भाभी उधर गयी. लडकी का हाथ पकडके."

गल्लीच्या टोकाला एका बंद दुकानाच्या ओट्यावर दोघी बसल्या होत्या. प्रार्थना चालू असतानाच सोनिया उठून बाहेर पडली, ते आवडाबाईनं स्वयंपाकघरातून पाहिलं होतं आणि हातातलं टाकून ती मागं धावली होती. तिनं पोरीचं मनगट घट्ट धरलं होतं. मामा धापा टाकत पोचले तेव्हा ती विचारत होती, "सोने, जीव द्यायचं मनात हाय का तुझ्या? खरं सांग."

मामा जागीच थिजले. असं तोंडावर विचारायचं? पोरीच्या मनात नसलं तरी भरवायचं? चौथी शिकलेली, चार माणसांत प्रार्थना म्हणायला लाजणारी ही बाई!

"व्हय, मामी," सोनिया म्हणाली. "आजच."

भाजी संपली म्हणून सांगावं इतक्या साध्या आवाजात. मामांना वीज पडल्यासारखं झालं. आणि ते बोलून टाकल्यावर पोरीचे ताठलेले खांदे खाली आले नि ती हमसून रडायला लागली, हे कसं ते तर त्यांना उमजेचना.

"बारा रात्री झोप नाही, मामी. पण सांगू कुणाला? मंडळी म्हणेल, विश्वास कमी पडला."

तिनं मामांकडं पाहिलंही नाही. पाहायची गरज नव्हती. हे वाक्य मामांचंच होतं. सभेत कितीदा म्हटलं असेल त्यांनी.

ते ओट्याच्या पायरीवर मटकन बसले. "देवाच्या एका संदेष्ट्यानं पण... झाडाखाली पडून मरण मागितलं होतं," ते अडखळत म्हणाले. "देव रागावला नाय गं त्याला. झोपू दिलं. भाकर दिली." चाळीस वर्षं ते हे बायबलात वाचत आले होते.

"आता उपदेश पुरे," आवडाबाई म्हणाली. "तिच्या आईला फोन लावा. अन् रिक्षा बघा."

घरी पोळीचे दोन घास खाऊ घालून त्यांनी तिला घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. बाकावर नंबरची वाट पाहता पाहता सोनियाचं डोकं आवडाबाईच्या खांद्यावर कललं. नंबर पुकारला गेला, तरी आवडाबाई हलेना.

"उठवा की त्यांना!" सिस्टर म्हणाली.

मामाच डॉक्टरांच्या खोलीच्या दारात गेले. "बाई, बारा दिवसांनी झोपलीय ती. आज जीव द्यायला निघाली होती." 'जीव द्यायला' हे शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाले.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. जागेवरून उठून दारातूनच बाकाकडं नजर टाकली. "झोपू द्या. थोड्या वेळानं मी घेते. पण तिला एकटीला सोडू नका, आणि मी पाहिल्याशिवाय घरी नेऊ नका."

"नेत नाय," मामा म्हणाले, आणि सोनियाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले.